वृद्धांची वस्ती वेगळी असावी काय?



पनवेल, नेरळ, कर्जत या बाजूला हल्ली एका निराळ्या प्रकारची घरे विकली जातात. ही घरे फक्त वृद्धांसाठी असतात. दाराला उंबरठा नसतो, न्हाणीघरात धरायला दांडी असते, हाक मारली की परिचारिका येते, दोन वेळचे जेवण भोजनगृहात मिळते. नेरळला डिग्निटी फाउंडेशन या संस्थेची अशी वसाहत पुष्कळ वर्षांपासून आहे. अशा वसाहतींत राहण्यास वयाची अट असते. कुठे ५५, कुठे ६०. त्या वयाच्या आतला माणूस तेथे पाहुणा म्हणून चार दिवस येऊ शकतो, बिऱ्हाड करू शकत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजण म्हणतील, लाखो रुपये मोजून घ्यायच्या या घरांशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो तीन बाजूंनी आहे. पहिली बाजू अशी की, गरिबांसाठी सरकारी मदतीवर जे वृद्धाश्रम चालतात त्यांच्या दारावरही वयाचीच अट आहे, आणि आपल्यातील निराधार म्हातारी माणसे त्याच दाराशी जाणार आहेत. दुसरी बाजू अशी की, नवी मुंबईत आपली घरे लहान आहेत आणि गावाकडच्या आईबापांना आणावे कोठे हा प्रश्न आपल्या घराघरात आहे. तिसरी बाजू सर्वांत महत्त्वाची. दारावर उभे राहून ‘तू आत ये, तू बाहेर राहा’ असे सांगणारा कोणताही नियम दिसला की आपण तो तपासून पाहिलाच पाहिजे. असल्या नियमांखाली आपल्या आज्या-पणज्यांचे जन्म गेले. म्हणून वयाची अट न्याय्य आहे की अन्याय्य, हे दुसऱ्याने सांगितले म्हणून न मानता आपल्या बुद्धीने ठरवू या.

कोणी घाईने म्हणेल, जातीची अट आणि वयाची अट एकच. हे बरोबर नाही. जात जन्माबरोबर चिकटवली जाते आणि मेल्यावर स्मशानातही सुटत नाही. जातीच्या दाराबाहेर उभा असलेला माणूस कितीही वर्षे उभा राहिला तरी तो आत येत नाही. वयाचे तसे नाही. ६० वर्षांची अट आज तुम्हाला बाहेर ठेवते, पण तुम्ही जगलात तर तीच अट उद्या तुम्हाला आत घेते. तिच्यात कोणाचा जन्म हीन ठरत नाही. एवढा फरक आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

पण फरक आहे म्हणून वयाची अट निर्दोष ठरते असे नाही. राहण्याच्या जागेला कुंपण घालण्याची सवय एकदा लागली म्हणजे ते कुंपण कशाकशावरून घालावे याला मर्यादा राहत नाही. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेने आपले सभासदत्व पारशांपुरतेच ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्यात बसतो असा निर्णय दिला. म्हणजे सहकारी संस्थेने आपल्यासारखेच शेजारी निवडावेत याला कायद्याने वाट ठेवलेली आहे. कायदा ज्याला परवानगी देतो ते सर्व नीतीलाही मान्य असते, असे समजण्याचे कारण नाही. तेव्हा हा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. तो धम्मापाशी न्यावा लागतो.

भगवान बुद्धाच्या संघातही वयाची एक अट होती. वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही उपसंपदा द्यायची नाही, असा विनयाचा नियम आहे. हा नियम का झाला याची हकिकत विनयपिटकातच आहे. राजगृहातील सतरा मुलांना भिक्खूंनी दीक्षा दिली. ती मुले पहाटे उठून खायला मागत रडू लागली. तथागतांनी ते रडणे ऐकले, चौकशी केली आणि सांगितले की, वीस वर्षांच्या आतील मुलाला भूक, तहान, ऊन, थंडी सोसवत नाही. म्हणून त्याच्यावर हा भार टाकू नका. वाचकहो, येथे नियमाबरोबर कारण सांगितलेले आहे, आणि ते कारण ज्याला बाहेर ठेवले त्याच्याच हिताचे आहे. आतल्यांना त्रास नको म्हणून ती मुले बाहेर ठेवलेली नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. संघाने खालची मर्यादा घातली, पण वरची मर्यादा घातली नाही. राध नावाचा एक गरीब, म्हातारा ब्राह्मण विहारात पडेल ते काम करून राहत असे. त्याला दीक्षा हवी होती आणि कोणी भिक्खू ती देईना. तथागतांनी भिक्खूंना विचारले, या माणसाचे उपकार कोणाला आठवतात काय? सारिपुत्त म्हणाले, राजगृहात भिक्षेला गेलो असता याने मला एकदा पळीभर भात वाढला होता. तेवढ्यावरून सारिपुत्तांकडून त्याला उपसंपदा देवविण्यात आली. या जगात पळीभर भात विसरणारेच जास्त असतात. संघाने तो विसरला नाही, आणि याचे वय झाले, आता हा संघाच्या काय उपयोगाचा, असेही विचारले नाही.

तिसरी हकिकत आपल्या माताभगिनींनी अवश्य लक्षात ठेवावी. श्रावस्तीला सोणा नावाची स्त्री होती. तिला दहा मुले, म्हणून तिला बहुपुत्तिका म्हणत. नवरा घर सोडून गेल्यावर मुले म्हणू लागली, आमचा वाटा आम्हाला दे, आम्ही तुला सांभाळू. तिने सगळे वाटून टाकले. मग ती एकेका मुलाच्या घरी राहायला गेली, तेव्हा प्रत्येक घरात तिला ऐकावे लागले की, तू आम्हाला काय दोन वाटे दिले होतेस? ती म्हातारी भिक्खुणी संघात गेली. तेथे तिला वय विचारून परत पाठवले नाही. ती पाणी तापवण्याचे काम करी आणि रात्री अंधारात पडू नये म्हणून खांबाला धरून चंक्रमण करी. पुढे तथागतांनी उद्योगी, वीर्यवान भिक्खुणींत हिला अग्रस्थान दिले. तिच्या पोटच्या दहा मुलांना जी ओझे वाटली, ती संघाला ओझे वाटली नाही.

आणखी एक गोष्ट. संघात तरुणांचा एक विहार आणि वृद्धांचा दुसरा विहार अशी वाटणी नव्हती. नव्या भिक्खूने निदान पाच वर्षे एखाद्या जाणत्या थेराच्या आश्रयाने राहिलेच पाहिजे, असा नियम होता. थेराने शिष्याला मुलासारखे मानावे, शिष्याने थेराला बापासारखे मानावे, आणि दोघांपैकी जो आजारी पडेल त्याची दुसऱ्याने सेवा करावी. मान कोणाला द्यायचा तेही जन्माच्या वर्षावर ठरत नसे. दीक्षेनंतर किती वर्षावास झाले त्यावर ज्येष्ठता ठरे. म्हणूनच न्हावी उपाली आधी दीक्षित झाला आणि शाक्य राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले. वय ही गोष्ट संघाने नाकारली नाही, पण वयाने माणसामाणसांत भिंत उभी राहू दिली नाही.

या सर्व हकिकतींवरून वयाची अट तपासण्याच्या तीन कसोट्या मिळतात. एक, त्या अटीमागे सांगता येईल असे कारण आहे काय? दोन, ते कारण माणसाच्या गरजेशी निगडित आहे, की कोणाच्या नकोशेपणाशी? तीन, नियम लागू पडत नसेल तेव्हा नियमाकडे न पाहता माणसाकडे पाहणारा कोणी तेथे आहे काय? या कसोट्या हाती घेऊन आता आपल्या काळात या.

सरकारच्या लेखी माणूस म्हातारा केव्हा होतो? १९९९ च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे ६० व्या वर्षी. महाराष्ट्राच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात आधी ६५ होते, ते २०१८ मध्ये ६० झाले. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला मात्र ६५ पूर्ण लागतात. एस.टी.च्या निम्म्या भाड्याला ६५ लागतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून संपूर्ण फुकट प्रवासाला ७५. रेल्वेची सवलत पुरुषांना ६० व्या आणि स्त्रियांना ५८ व्या वर्षी मिळत असे. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. राज्याच्या अनुदानित वृद्धाश्रमांची योजना १९६३ ची आणि मातोश्री वृद्धाश्रमांची १९९५ ची. या दोन्हींत पुरुषाला ६० आणि स्त्रीला ५५ वर्षांची अट आहे. म्हणजे एकाच बाईला ५५ व्या वर्षी वृद्धाश्रमासाठी म्हातारी म्हटले जाते आणि निवृत्तिवेतनासाठी तीच बाई आणखी दहा वर्षे म्हातारी नसते.

हे आकडे खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. कारभार करायचा तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण ती रेघ माणसाने ओढलेली आहे, निसर्गाने नव्हे. धम्माच्या भाषेत सांगायचे तर ते व्यवहारसत्य आहे, सोयीसाठी मानलेले. सोयीसाठी मानलेल्या गोष्टीला अंतिम सत्य समजण्याची चूक झाली की दुःख सुरू होते.

ते दुःख कोणाच्या वाट्याला येते? वाशीच्या बाजारात पन्नास-पन्नास किलोच्या गोणी पाठीवर वाहणाऱ्या माथाडीची कंबर साठीपर्यंत थांबत नाही. पारसिकच्या डोंगराच्या खाणींत ज्यांनी दगड फोडला, त्यांची छाती धुळीने आधीच भरली. जे गटारात आणि कचऱ्यात राबले, ज्या बायांनी बांधकामावर घमेली वाहिली, त्यांचे वय कागदावर ५० असले तरी शरीराचे ७० झालेले असते. कचेरीत खुर्चीवर बसून काम केलेला माणूस साठीला ताठ चालतो. दोघांनाही एकच आकडा लावणे दिसायला समान वाटते, पण फळ समान मिळत नाही. आणि या दोघांत कष्टाचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे आले, हे आपल्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही. जातीची अट दाराबाहेर काढली तरी ती वयाच्या अटीच्या आडून अशी पुन्हा आत येते.

दुसरे, वय सिद्ध करायला कागद लागतो. ज्याला शाळेने दारात घेतले नाही त्याच्याजवळ शाळेचा दाखला कोठून असणार? पुष्कळांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लिहिली, पुष्कळांची आधार कार्डावर १ जानेवारी पडली. दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेल्या म्हातारीला कार्डावरच्या एका आकड्यामुळे पाच-सहा वर्षे थांबावे लागते. पहिली कसोटी आणि दुसरी कसोटी या अटी कशाबशा उतरतील, पण तिसऱ्या कसोटीला त्या अडखळतात. कारण खिडकीपलीकडचा कारकून कागद पाहतो, वाकलेली पाठ पाहत नाही.

नियम माणसाकडे पाहू शकतो, याचे उदाहरण मात्र आपल्याच कायद्यात आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षांचा, अशी व्याख्या आहे. पण आई किंवा बाप यांच्यासाठी तो आकडा लावलेला नाही. स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल तर ५० वर्षांची आईसुद्धा कमावत्या मुलाकडून किंवा मुलीकडून निर्वाहखर्च मागू शकते. येथे कायद्याने वय बाजूला ठेवून गरज पाहिली. नियम असा असावा.

पाटी न लावलेल्या वयाच्या अटीही असतात, आणि त्या नवी मुंबईत जागोजागी आहेत. सिडकोची स्थापना १९७० ची. या शहराचा आराखडा झाला तो मुंबईच्या गर्दीतून निघून येणाऱ्या नोकरदार, तरुण कुटुंबांसाठी. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना बहुधा लिफ्ट नाही. तिशीत ज्यांनी हौसेने तिसरा मजला घेतला ते आता सत्तरीत आहेत आणि जिन्यामुळे घरात अडकले आहेत. सिडकोने २०१८ मध्ये काढलेल्या मोठ्या सोडतीत दुर्बल घटकांसाठीचे घर २५.८१ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७८ चौरस फुटांचे होते. या घरात नवरा, बायको, दोन मुले आली की आजीची खाट बसत नाही. ‘६० च्या वरील माणसांना येथे मनाई आहे’ अशी पाटी कोणी लावलेली नाही, पण जिना आणि खोलीचे माप तेच सांगतात. उलट, महारेराने २०२४ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी जे नियम घातले त्यांत एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट हवी, दारे चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंद हवीत, असे म्हटले आहे. फार चांगले नियम आहेत. पण हे नियम फक्त वृद्धांच्या वेगळ्या घरांसाठीच का? सगळ्या घरांत उतार, दांडी आणि लिफ्ट असती तर कित्येक वृद्धांना वेगळे राहायला जावेच लागले नसते. ज्या शहरात म्हाताऱ्याला चालता येत नाही, ते शहर आधी म्हाताऱ्याला घालवते आणि मग त्याच्यासाठी वेगळी वसाहत बांधून पुण्य मिळवते.

वयाचे कुंपण अगदी टोकाला नेले म्हणजे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात यंगटाउन हे गाव १९५४ साली खास वृद्धांसाठी वसवले गेले. शेजारी १९६० मध्ये सन सिटी उभी राहिली. मुले असलेल्या कुटुंबांना घरे नाकारली जातात म्हणून तेथे १९८८ मध्ये कायद्याने बंदी घातली, पण वृद्धांच्या वसाहतींना सूट ठेवली. १९९५ च्या कायद्याने ती सूट निश्चित केली: शंभरातील निदान ऐंशी घरांत ५५ वर्षांवरील एक तरी माणूस राहत असला पाहिजे. पुढे यंगटाउनमध्ये असा प्रसंग आला की, सावत्र बापाच्या मारहाणीतून सुटका व्हावी म्हणून एक सोळा वर्षांचा मुलगा आपल्या आजी-आजोबांकडे येऊन राहिला. गावाने सांगितले, मुलाला बाहेर काढा. आजी-आजोबांनी मुदत मागितली, ती मिळाली नाही. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्याच्या कार्यालयाकडे गेले आणि १९९८ मध्ये त्या गावची वयाची अटच रद्द झाली. शांतता मिळावी म्हणून केलेल्या नियमाने आजीला नातवासाठी दार बंद करायला सांगितले. नियम माणसापेक्षा मोठा झाला म्हणजे असे होते.

आता एका जुन्या कथेचा विचार करा. परंपरेने सांगितले जाते की, शुद्धोदनाने सिद्धार्थाच्या दृष्टीस म्हातारा पडू नये म्हणून रस्ते मोकळे करवले, आणि एकोणतिसाव्या वर्षी पहिला म्हातारा पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही कथा नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, म्हातारपण, आजार आणि मृत्यू या रोज शेकडोंनी घडणाऱ्या गोष्टी आहेत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्या आधी पाहिल्या नव्हत्या हे बुद्धीला पटत नाही. बाबासाहेबांच्या या युक्तिवादात आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ज्या नगरात लोक एकत्र राहतात तेथे म्हातारा पावलोपावली दिसणारच. तो दिसू नये यासाठी भिंत बांधावी लागते. शुद्धोदनाच्या नावावर खपवलेली ती खोटी भिंत आपण आज विटा-सिमेंटने खरी बांधणार आहोत काय? आपली मुले आजीचे थरथरणारे हात न पाहता मोठी झाली, तर अनित्यतेचा पाठ त्यांना वंदनेच्या पुस्तकातून घोकावा लागेल.

येथे कोणी म्हणेल, मग वृद्धांच्या वसाहती आणि वृद्धाश्रम मोडून टाकावेत काय? सर्वांनी मुलांच्याच घरी राहावे काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीवरील माणसे एक कोटी अकरा लाखांच्या आसपास होती. सर्वांना मुले नाहीत, सर्वांची मुले भली नाहीत. सोणेला संघ नसता तर ती कोठे गेली असती? मुलांच्या घरी टोमणे खाऊन जगण्यापेक्षा समवयस्कांत मानाने राहणे कोणी पसंत करील तर त्यात अधर्म नाही. जी वयाची अट म्हाताऱ्याला पथ्याचे अन्न, औषध आणि सोबत मिळावी म्हणून जागा राखून ठेवते, ती वीस वर्षांच्या विनयनियमासारखीच हिताची आहे. अट दार उघडण्यासाठी असेल तर ती मैत्री आहे. माणसाला नजरेआड करण्यासाठी असेल, नाते तोडण्यासाठी असेल, गरजवंताला आकडा दाखवून परतवण्यासाठी असेल, तर तिच्यावर कोणतीही पाटी लावा, ती बहिष्काराचीच धाकटी बहीण आहे.

तसेच, ‘आईबापांना घरीच ठेवा’ असा उपदेश करणाऱ्या पुरुषांनी थोडे थांबावे. घरी ठेवले म्हणजे सेवा कोण करतो? बहुधा सून करते. सिगालोवाद सुत्तात आईबापांचे पोषण करण्याचे, त्यांची कामे करण्याचे कर्तव्य सांगितले आहे ते अपत्याला, त्याच्या बायकोला नव्हे. बापाचे मलमूत्र काढायला मुलगा लाजतो आणि सून नोकरीवरून येऊन ते काढते, याला धम्म म्हणत नाहीत. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने धुतले. तथागतांना जे काम हलके वाटले नाही ते आपल्याला का वाटावे? मुलगा हात लावणार नसेल, तर चांगला वृद्धाश्रम अधिक माणुसकीचा ठरेल, हे कटू असले तरी खरे आहे.

आता करायचे काय, ते सांगतो. घरातील म्हाताऱ्या माणसाच्या आधार कार्डावरची जन्मतारीख आजच पाहा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा; कागद नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वयाचा दाखला मिळतो. वय ६५ आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कचेरीत द्या; ती रक्कम २०२३ मध्ये दरमहा एक हजारावरून दीड हजार झाली आहे. आईबापांनी मायेपोटी खोली मुलाच्या नावावर करण्याआधी सोणेची आठवण ठेवावी. सांभाळण्याची अट लिहून घेऊन दिलेली मालमत्ता, सांभाळले नाही तर परत मिळवता येते. ही तरतूद २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमात आहे. दाद प्रांत कचेरीतील न्यायाधिकरणाकडे मागायची असते, आणि वकील लावावाच लागतो असे नाही. वृद्धांसाठी १४५६७ हा फुकट दूरध्वनी क्रमांकही आहे.

तुम्ही ज्या इमारतीत राहता तेथील सभेत जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, तळाशी उतार आणि प्रत्येक मजल्यावर बसायला एक बाक, एवढा ठराव तरी मांडा. तळमजल्यावरील तरुण कुटुंब आणि तिसऱ्या मजल्यावरील म्हातारे जोडपे यांनी आपसांत घरे बदलली तर शासनाच्या कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही. बुद्धविहार शक्यतो तळमजल्यावर असावा. रविवारच्या वंदनेला म्हाताऱ्यांची रांग मागे आणि मुलांची पुढे असे न करता एका म्हाताऱ्याशेजारी एक मूल बसवा. ज्यांची माणसे वृद्धाश्रमात आहेत त्यांनी तेथे फळांची पिशवी ठेवून परत फिरू नये, तासभर बसावे. आणि ज्यांचे कोणीच नाही अशा शेजारच्या खाटेवरच्या माणसाचेही नाव विचारावे.

तथागत ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी आपल्या शरीराची तुलना पट्ट्यांनी आवळून कशाबशा चालणाऱ्या जुन्या गाड्याशी केली. त्यांनी आपले म्हातारपण लपवले नाही, आणि संघाने त्यांना वेगळ्या कुटीत नेऊन ठेवले नाही. वाटेने चालत, लोकांना भेटत, उपदेश करीत ते कुशीनारेपर्यंत गेले, आणि आनंद त्यांच्याबरोबर होता. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर जे लाखो लोक उभे राहिले त्यांतही कडेवरच्या पोरापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत सर्व वयांचे होते. तेथे वय विचारून कोणाला वेगळे उभे केले नाही. दीक्षा सर्वांनी एकत्र घेतली. तेव्हा ज्यांनी बोट धरून आपल्याला या धम्माच्या दारापर्यंत आणले, त्यांच्यासाठी आपल्या घराचे, इमारतीचे आणि विहाराचे दार किती रुंद आहे, ते आज मोजून पाहा.